पहिली पत्रिका धुळ्याला

आमच्या घरात लग्न ठरलं की पहिली पत्रिका धुळ्याला जाते, एकवीरा देवीला. ती आमची कुलदेवी. ही पत्रिका कोणाच्या हाती पाठवायची नसते, घरच्या कर्त्या माणसानं स्वतः न्यायची असते. भावांच्या, बहिणींच्या, पोरापुतण्यांच्या सगळ्या पत्रिका मीच नेल्या. धरणगावहून एसटीनं जायचं, पांझरेच्या काठी देवळात शिरायचं, हळदकुंकू लावलेली पत्रिका देवीच्या पायाशी ठेवायची आणि निघायचं. पुजारी ती उचलून बाजूच्या ढिगात टाकतो. त्या ढिगात अर्ध्या खानदेशाची लग्नं पडलेली असतात.

नंतर आचारी येतो आणि पानं किती म्हणून विचारतो. तेव्हा आम्ही पहिलं नाव सोडून पुढच्यापासून मोजतो. देवी काही जेवायला येत नाही. पहिला मान तिचा, पण तिचं पान कोणी धरत नाही. हे आमच्याकडे लहान पोरालाही समजतं. आधीच सांगून ठेवतो, कारण नातीच्या कॉलेजाचं जे झालं ते यावरूनच झालं.

मी चौथीपर्यंत शिकलो. चौथीचा निकाल घ्यायला गेलोच नाही, त्यामुळे पास की नापास ते मला आजही माहीत नाही. त्याच उन्हाळ्यात जिनिंगमध्ये लागलो. सगळी उमर रेच्यावर काढली. रेचा म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणारं यंत्र. छातीत कापूस गेला तो गेलाच. पण कुठं अंगठा दिला नाही, सही केली. मालकाला शेठ म्हटलं नाही, भाऊ म्हटलं. यावरून दोनदा कामावरून काढलं आणि दोन्ही वेळा त्यांनीच परत बोलावलं.

पोराला शिकवलं. त्यानं इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला. निकाल लागला त्या दिवशी मी पारावर जाऊन सांगितलं की माझा पोरगा इंजिनिअर झाला. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. ज्यांनी ऐकलं होतं त्यांनाही सांगितलं. लोक म्हणायचे, "आबा, कालदिन सांगं ना तुम्ही." मी म्हणायचो, "आज परत आयक."

तो भुसावळच्या पुढं वीज केंद्रात ठेकेदाराकडं लागला. ठेका संपला तसा घरी आला. मग घरोघर फिरून विजेच्या मीटरचे आकडे घ्यायला लागला. उन्हातान्हात मोटारसायकलवर हिंडायचा, कुत्री मागं लागायची, तरी काम विजेचंच होतं. मग नवे मीटर आले. ते आपला आकडा आपणच पाठवतात, त्यांना माणूस लागत नाही. आता तो स्टँडजवळच्या टपरीत मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतो. त्यानंतर मी पारावर जाणं सोडलं. कोणी काही म्हटलं नव्हतं. पण कोणी काही म्हणण्याआधीच मी सोडलं. गावात जायचं तर मागच्या गल्लीनं जायचो. नात तेव्हा शाळेत होती. पोरांना काय कळतं, असं मला वाटायचं.

एक दिवस पोरानं कुठून तरी एक जळका नवा मीटर आणला. नातीनं तो ओट्यावर बसून खोलला. आत हिरवी पट्टी, तिच्यावर मुंगीएवढे डाग. मला म्हणाली, "आबा, पप्पा मीटर वाचायचे. हा स्वतःच बोलतो. मला बोलणारा बनवायचाय."

मी म्हटलं, "बनाव. तुन्हा बापनी भाकर खाई लिधी त्यानी."

ती हसली नाही. बारावीनंतर तिनं एकच शाखा धरली, इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रिकल दोन्ही एकत्र असलेली. सीईटीत गुण चांगले पडले. स्टँडसमोर कॉम्प्युटरवर फॉर्म भरून देणारा एक पोरगा आहे, त्याला अख्खं धरणगाव मास्तर म्हणतं. तो म्हणाला, "आबा, पुण्याचं एक मोठं कॉलेज हिला लागू शकतं. तिथं ही शाखा शे."

हे ऐकलं त्या दिवशी मी पुन्हा पारावर गेलो. माझी नात पुण्याला चालली, असं सांगितलं. अजून फॉर्मसुद्धा भरला नव्हता.

फॉर्मवर पुष्कळ कॉलेजांची नावं टाकावी लागतात. मी म्हटलं, जवळची जेवढी पाहता येतील तेवढी पाहून घेऊ. स्थळ पाहिल्याशिवाय आम्ही पोरगी देत नाही. पोरगा म्हणाला, आबा, बठ्ठं मोबाइलवर दिसतं. मी म्हटलं, मोबाइलवर तर तुझा चेहराही चांगला दिसतो. शेवटी नातीला घेऊन मीच निघालो.

जळगावचं एक पाहिलं. रिक्षा मेहरूण तलावाच्या बाजूनं गेली, तेवढंच बरं वाटलं. तिथं नुसतं इलेक्ट्रिकल होतं आणि वॉचमननं नोटीस बोर्डाच्या पुढं जाऊ दिलं नाही. मग धुळ्याचं पाहिलं. गावाबाहेर हायवेला लागून इमारत, समोर कडुनिंबाची झाडं. स्थळ पाहायला गेलं की मी आधी पाणी मागतो. पाणी कोण आणतं आणि कसं आणतं त्यावरून घर समजतं. शिपायानं स्टीलच्या पेल्यात गार पाणी आणलं आणि दुसरा पेला न मागता भरला. मला जागा आवडली.

मग एक सर आले. वयानं माझ्या पोरापेक्षा लहान, अंगानं काडी. नातीनं विचारलं, "सर, इलेक्ट्रॉनिक्सची लॅब बघता येईल?"

सर म्हणाले, "चावी आहे. पण आत काय दाखवू?"

तरी त्यांनी उघडली. लांब खोली होती. टेबलांवर जुन्या कार्यक्रमांचे फ्लेक्स अंथरलेले, त्यांच्याखाली यंत्रं झाकलेली. एका टेबलावर फ्लेक्समधला कोणी तरी हात जोडून हसत होता. नातीनं त्याचं एक टोक उचललं आणि ओढणीनं काचेवरची धूळ पुसली.

"सर, हे चालू आहे?"

"चालू करायला मुलं लागतात. या शाखेला गेल्या वर्षी दोन-तीनच आली. आता शाखा बंदच करताहेत. इलेक्ट्रिकल आहे अजून, त्यातही अर्ध्या जागा रिकाम्या."

मी विचारलं, "पोरं गई कोठे मंग?"

"कॉम्प्युटरला, आजोबा. जी राहिली ती दुकानात." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "हिचे गुण चांगले आहेत. हिला लांब पाठवा. मी इथलाच आहे म्हणून सांगतो. मी याच खोलीत शिकलो."

"आनि आते?"

"आता चावी माझ्याकडे असते."

परत येताना एसटीत ती खिडकीशी बसली. पारोळा आलं तेव्हा मी म्हटलं, "हे स्थळ नापसंत." ती म्हणाली, "पाणी चांगलं होतं ना, आबा." मी म्हटलं, "पाण्यावर पोर देतात का कोणी." तेव्हा थोडी हसली. मला वाटलं, विषय मिटला. पुण्याचं पहिलं टाकायचं, धुळ्याचं सगळ्यात खाली.

फॉर्म भरायला ती बापाबरोबर मास्तरकडं गेली. बापाला मध्येच गिऱ्हाईक आलं म्हणून तो टपरीवर गेला. फॉर्म तिनं एकटीनंच पुरा केला. घरी आली, हातपाय धुतले आणि मला म्हणाली, "आबा, यादीत पहिलं नाव धुळ्याचं टाकलं. देवीच्या मानाचं. दुसरं पुण्याचं."

सून आतून म्हणाली, "असं चालतं का गं?"

"चालतं. पहिली पत्रिका."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. एवढी शिकलेली पोर, पण घरची रीत विसरली नाही. मी सुनेला म्हटलं, "राहू दे. मान द्यायला काय जातं." माझ्या डोक्यात पत्रिकाच होती. पहिलं नाव मानाचं, खरी मोजणी दुसऱ्यापासून.

मोबाइलवर निरोप आला तेव्हा पोरगा टपरीतून पळतच घरी आला. हातात पेढ्यांचा पुडा. मोबाइल माझ्या डोळ्यांसमोर धरून म्हणाला, "आबा, अभिनंदन लिहिलंय. पहिल्या पसंतीचं लागलं." शेजारची अक्का बाहेरूनच म्हणाली, "पहिला नंबरनं लागनं का? आसंच पाहिजे." सुनेनं देवासमोर पेढा ठेवला. मी एक खाल्ला. मग पोरगा ओट्यावर बसून निरोप पुन्हा वाचायला लागला, आणि वाचता वाचता त्यानं पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवला. पहिली पसंती म्हणजे धुळ्याचं कॉलेज. नुसतं इलेक्ट्रिकल. खाली लिहिलं होतं की जागा पक्की झाली आहे.

नात आत गव्हाचं पीठ चाळत होती. बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि पोरगा जळगावला गेलो. ॲडमिशनच्या कामासाठी एका कॉलेजात सुविधा केंद्र उघडलं होतं. तिथं बरीच रांग होती. पोरगा म्हणत होता, आबा, मी बोलतो. मी म्हटलं, तू डिप्लोमा केला, तू गप्प बस. खिडकीत एक बाई होत्या. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे की. पहिलं मिळालं."

मी म्हटलं, "बाई, पहिलं मानाचं होतं. ते धरायचं नव्हतं. खरं दुसरं."

"म्हणजे?"

मी त्यांना पत्रिकेचं सगळं सांगितलं. देवीचं, पहिल्या नावाचं, आचाऱ्याचं. मागं रांगेत एक पोरगा हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजोबा, माझ्या सासरचीही पहिली पत्रिका तिथंच जाते. पण इथं पहिलं नावच मोजतात. पहिलं मिळालं की पुढच्या फेरीत नाव येत नाही."

भिंतीवर कागद लावला होता. त्यावर मोठ्या अक्षरात प्राधान्यक्रम असं लिहिलं होतं. एवढं मला वाचता येतं. मी बोट दाखवून म्हटलं, "प्राधान्य लिहिलंय ना? प्राधान्य म्हणजे मोठा मान. प्रधान म्हणतो ना आपण."

"नाही हो. प्राधान्य म्हणजे जे सगळ्यात जास्त हवंय ते."

"आनि ही जागा नको म्हटलं तर?"

"मग या फेऱ्यांमधून बाहेर. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा." मग आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "धुळ्याचंही काही वाईट नाही, आजोबा." त्यांनाही ते पटलेलं नव्हतं, बोलण्यातच कळलं. मागचा पोरगा म्हणाला, "बाबा, व्हा ना बाजूला." मी बाजूला झालो. उभ्या जन्मात मला कोणी रांगेतून बाजूला केलं नव्हतं.

धरणगावला उतरलो तो थेट मास्तरच्या दुकानात गेलो. पोराला घरी पाठवलं. मास्तर कोणाच्या तरी आधारकार्डाची झेरॉक्स काढत होता. मी दारातच सुरू झालो. तुला नियम माहीत होता, तू बोलला का नाहीस, पोर लहान, आम्ही अडाणी, तू कसला मास्तर. तोंडाला येईल ते बोललो. त्यानं झेरॉक्स देऊन गिऱ्हाईक वाटेला लावलं. मग मला स्टूल दिलं.

"आबा, मी तिला सांगितलं होतं. एकदा नाही, दोनदा. म्हटलं, ताई, धुळ्याचं वर घेशील तर तेच गळ्यात पडेल, तुझ्या गुणांना ते नक्की लागतं. ती म्हणाली, माहीत आहे. म्हटलं, घरी विचारून ये. म्हणाली, घरचं मी बघते. बटण तिनंच दाबलं, आबा. माझा हात नाही लागला."

मी स्टुलावर बसून राहिलो. समोर स्टँडवर गाड्या लागत होत्या. मास्तरनं चहा सांगितला. तो मी प्यायलो नाही, आणि प्यायलो नाही हे माझ्याही लक्षात आलं नाही. उठल्यावर त्यानं दाखवलं.

घरी गेलो तर ती ओट्यावर होती. तोच जळका मीटर पुढ्यात होता, पण खोललेला नव्हता, झाकण लावून ठेवलेलं. मी शेजारी बसलो. म्हटलं, "मास्तरकडून आलो."

ती म्हणाली, "मग कळलं असेल."

"फॉर्ममा देवी जेवाले येस, हे तुले ठाऊक व्हतं."

"हो."

"मंग का?"

ती झाकणाचा स्क्रू नखानं फिरवत राहिली. मग म्हणाली, "आबा, तुम्ही पारावर किती जणांना सांगितलं, पुण्याचं?"

मी म्हटलं, "सांगितलं असेल दोघा-चौघांना."

"सगळ्या गावाला सांगितलं. मला वाटेत बाया थांबवतात. पप्पांच्या वेळीही तुम्ही असंच सांगितलं होतं. मग पप्पा परत आले, टपरीत बसले, आणि तुम्ही मागच्या गल्लीनं जायला लागलात. मी शाळेतून यायची तेव्हा दिसायचात. मी हाक मारली तर वळायचा नाहीत." मग म्हणाली, "धुळ्याहून परत आले तर कोणी काही विचारणार नाही. धुळ्याहून सगळेच परत येतात."

"आनि मीटर?"

"ते सर काय म्हणाले, ऐकलंत ना? चावी माझ्याकडे असते. पुण्यात शिकून तरी काय, आबा. चार वर्षांनी कुठली तरी चावीच हातात येणार. मग जवळची बरी."

मला काही तरी बोलायचं होतं. रागवायचंही होतं. बोलायला गेलो तसा खोकला आला आणि तो थांबेना. ती उठून पाणी घेऊन आली. पेला माझ्या हातात दिला आणि आत गेली.

पुढच्या आठवड्यात कागद द्यायला धुळ्याला गेलो. तेच सर भेटले. त्यांनी नातीकडं बघितलं, मग माझ्याकडं. शिपायानं पाणी आणलं. नाव नोंदून झालं. होस्टेलची खोली पाहिली, तिच्या खिडकीतून हायवे दिसतो. बाहेर पडताना ती त्या कुलूपबंद खोलीसमोरून गेली. काचेतून आत बघेल असं वाटलं होतं. बघितलं नाही.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून देवळात गेलो. पुजारी मला ओळखतो. म्हणाला, "आबा, कोणाचं लग्न?" मी म्हटलं, "कोणाचंच नाही." आजवर मी या देवीकडं कधी काही मागितलं नाही. मान द्यायचा आणि निघायचं, एवढाच आमचा व्यवहार. या वेळी मागावं असं वाटलं. हात जोडून उभा राहिलो. नोकरी मागावी, तर पोरीलाच तिची आशा नाही. पुणं मागावं, तर ते गेलं. शाखा चालू ठेव म्हणावं, तर पोरं कुठून आणायची. मागं बाया दर्शनाला खोळंबल्या होत्या. नात म्हणाली, "चला आबा, गाडी चुकेल." मी काही न मागताच निघालो.

आता ती धुळ्याला असते. शनिवारी येते. आली की कपडे धुते, झोपते, आईला मदत करते. अभ्यासाचं विचारलं तर बरं चाललंय म्हणते. जळका मीटर माळ्यावर आहे. तो खाली काढा असं कोणी म्हणत नाही.

मी पारावर जातो. या वेळी चुकवलं नाही. पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, "काय आबा, पुण्याची गाडी धुळ्यालाच थांबली का?" सगळे हसले. मी म्हटलं, "मीच सांगितलं तिला, पहिलं नाव देवीच्या मानाचं टाक म्हणून. मला नियम माहीत नव्हता. पोर ऐकणारी, तिनं टाकलं."

तेव्हापासून गावात हीच गोष्ट फिरते. म्हाताऱ्यानं कॉलेजाच्या फॉर्ममध्ये पत्रिका घातली. पोरंटोरंही मला बघून म्हणतात, आबा, देवी जेवून गेली का. माझ्या पोराचाही यावर विश्वास बसला आहे. तो माझ्याशी नीट बोलत नाही. माझं 'राहू दे' ऐकलेली सून ताट सरकवते ते न बघताच. नातीला हे सगळं कळतं. मागच्या शनिवारी ती म्हणाली, "आबा, तुम्ही असं का सांगता?" मी म्हटलं, "तू तुझा अभ्यास कर."

खरं काय ते इथं लिहून टाकलं. त्याची मला भीती नाही. पारावर बसणारं कोणी पुस्तक वाचत नाही.

काल एक जुना रेच्यावरचा सोबती भेटला. बाजूला बसला, गुडघा चोळत राहिला. मग म्हणाला, "वाईट नको वाटू देऊस, आबा. पण तुन्हा मानपायी पोरनं नुकसान व्हयनं."

मी म्हटलं, "व्हयनं."